प्रत काढण्याची सोय आणि प्रत काढण्याचा हक्क

लोअर परळ स्थानकातून बाहेर पडून ना. म. जोशी मार्गाकडे, म्हणजे जुन्या डिलाईल रोडकडे वळले की गिरणगावाचा इतिहास आजही ठायी ठायी जाणवतो. एकेकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गिरण्यांच्या दरवाजांतून कामगारांचे लोंढे बाहेर पडत. त्या दरवाजात त्यांची झडती होत असे. हातभर कापडसुद्धा परवानगीवाचून बाहेर जाऊ नये, असा गिरणीचा दंडक होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि परिसराचे रूप पालटले. फिनिक्स मिलच्या जागी खरेदीसंकुल उभे राहिले, कमला मिलच्या आवारात कार्यालये आली, आणि ना. म. जोशी मार्गावरच्या मॅरेथॉन फ्युचरेक्स या उंच इमारतीत झी एंटरटेनमेंट या दूरचित्रवाणी व्यवसायातील कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आहे. शेजारी महालक्ष्मीला फेमस स्टुडिओ आहे. जेथे सुताचा आणि कापडाचा व्यवहार होत असे, तेथे आज मालिका, चित्रपट, गीते आणि जाहिराती यांचा व्यवहार होतो.

या नव्या मालाला मात्र दरवाजा नाही आणि झडतीही नाही. गिरणीतून ताग्याची चोरी झाली, तर गिरणीत एक तागा कमी भरत असे. गीताची प्रत काढली, तर मूळ गीत जागच्या जागी राहते. कोणाचे काही उणे झाले असे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच एरवी दुसऱ्याच्या पैशालाही हात न लावणारी माणसे चित्रपट, पुस्तके, संगणकाच्या आज्ञावली आणि छायाचित्रे यांच्या प्रती सहजपणे काढतात आणि वाटतातही. कायदासुद्धा या कृत्याला चोरी म्हणत नाही. तो त्यास स्वामित्वहक्काचे उल्लंघन म्हणतो. हा शब्दभेद महत्त्वाचा आहे, कारण त्यातच या विषयाचे मर्म आहे. कायदा वस्तूचे रक्षण करीत नाही. त्या वस्तूची प्रत कोणी काढावी, ती लोकांपुढे कोणी आणावी आणि त्यातून मोबदला कोणास मिळावा, हे ठरविण्याच्या हक्काचे रक्षण करतो.

शाळा, ग्रंथालय, ग्रामपंचायत आणि शासकीय कार्यालय या चारही ठिकाणी हा प्रश्न आज रोज उभा राहतो. काही ठिकाणी अज्ञानामुळे कायदा मोडला जातो, तर काही ठिकाणी नाहक भीतीमुळे कायद्याने दिलेली सवलतही वापरली जात नाही. या दोन्ही गोष्टींनी समाजाचे नुकसान होते. यास्तव या कायद्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात या विषयावरचा पहिला कायदा १८४७ साली झाला. पुढे १९१४ चा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर संसदेने कॉपीराइट अधिनियम, १९५७ संमत केला. तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला व आजही तोच लागू आहे. काळाच्या गरजेप्रमाणे त्यात दुरुस्त्या झाल्या. १९८४ च्या दुरुस्तीमागे ध्वनिफिती आणि चित्रफिती यांच्या बनावट प्रतींचा सुळसुळाट हे कारण होते. त्या वेळी शिक्षा कडक करण्यात आली. १९९४ मध्ये गायक, वादक व नट अशा प्रयोगकर्त्या कलावंतांना हक्क मिळाले. २१ जून २०१२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने संगणक व महाजाल यांच्या युगास अनुसरून तरतुदी केल्या.

साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती, तसेच चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना हा कायदा संरक्षण देतो. संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीत मोडते. या संरक्षणासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही. कृती निर्माण झाली, की हक्क आपोआप जन्मास येतो. 'यावर कोठेही हक्क राखीव असे लिहिलेले नव्हते' हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

मात्र कल्पनेवर कोणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. एका नाटकावरून चित्रपट घेतला असा तो वाद होता. विषय, कल्पना अथवा ऐतिहासिक घटना सर्वांची असते, तिची मांडणी तेवढी लेखकाची असते, असे न्यायालयाने सांगितले. गिरणी कामगारांच्या संपावर कोणीही नाटक लिहावे. पण दुसऱ्याच्या नाटकातील प्रवेश उचलता येणार नाहीत.

हक्काची मुदत

हा हक्क अनंत काळाचा नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे तो राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असताना ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्या बाबतीत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जातात. शासनाच्या प्रकाशनांनाही हाच नियम आहे.

काही उदाहरणे पाहू. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क २०१० अखेर संपला. १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' हे पुस्तक कोणीही छापू शकतो, वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो किंवा महाजालावर ठेवू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहेत. याउलट, गिरणगावाच्या रस्त्यांवर ज्यांची शाहिरी दुमदुमली, त्या अण्णा भाऊ साठे यांचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. त्यांच्या साहित्यावरील हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत कायम आहे.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. मूळ कृती खुली झाली, म्हणून तिच्यावरून झालेली प्रत्येक नवी कृती खुली होत नाही. जुन्या ओव्या आणि पारंपरिक लावण्या यांवर कोणाचा हक्क नाही. पण एखाद्या गायिकेने त्या गाऊन एखाद्या कंपनीने कालपरवा मुद्रित केल्या असतील, तर त्या मुद्रणावर हक्क आहे. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा, चित्रे व अनुवाद यांचेही तसेच. खुल्या कवितेवर नव्याने बांधलेली चाल ही त्या संगीतकाराची असते.

उतरवून घेणे गुन्हा आहे काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हा. महाजालावरून चित्रपट किंवा गाणे उतरवून घेणे, म्हणजे ज्यास आपण डाउनलोड म्हणतो, तो गुन्हा आहे काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तीन पायऱ्यांनी द्यावे लागते.

पहिली पायरी पाहण्याची. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात चित्रपटांच्या बेकायदा प्रतींविषयी काही दावे चालू होते. त्या काळात बंद केलेल्या संकेतस्थळांवर असा इशारा झळकत असे की, हा मजकूर नुसता पाहणेसुद्धा दंडनीय अपराध आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या इशाऱ्यातील चूक दाखवून दिली. अपराध पाहण्यात नसून, परवानगीवाचून हानिकारक रीतीने वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विकणे वा भाड्याने देणे यांत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

दुसरी पायरी स्वतःसाठी प्रत ठेवण्याची. कोणत्याही माध्यमात कृती साठविणे ही कायद्याच्या दृष्टीने प्रत काढणेच होय, आणि तो हक्क स्वामित्वधारकाचा आहे. तथापि, कलम ५२ अन्वये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधनासाठी, टीका वा परीक्षणासाठी केलेला रास्त वापर उल्लंघन ठरत नाही. संगणकाच्या आज्ञावलींना ही सवलत नाही. 'रास्त' हा शब्द येथे कळीचा आहे. अभ्यासासाठी लेखाची प्रत जवळ ठेवणे रास्त आहे, याविषयी दुमत होणार नाही. नुकताच प्रदर्शित झालेला चित्रपट बनावट असल्याचे ठाऊक असताना संपूर्ण उतरवून घेणे आणि त्यास रास्त वापर म्हणणे मात्र कठीण आहे. किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ मालाच्या विक्रीवर त्याचा काय परिणाम झाला, हे पाहून न्यायालय प्रत्येक प्रकरणी निर्णय देते.

तिसरी पायरी पुढे देण्याची, आणि येथे संदेह उरत नाही. स्वामित्वधारकाच्या परवानगीवाचून प्रत दुसऱ्यांना वाटणे, विकणे किंवा लोकांना उपलब्ध करून देणे हे उल्लंघन होय. येथे तंत्राची एक बाब लक्षात घेतली पाहिजे. टॉरंट या पद्धतीने चित्रपट उतरवून घेताना आपला संगणक त्याच वेळी त्या चित्रपटाचे तुकडे इतरांना पुरवीत असतो. 'मी फक्त माझ्यापुरते घेतले' असे म्हणणारा मनुष्य नकळत वाटपही करीत असतो.

शिक्षा

जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्यास अथवा त्यास साहाय्य करणाऱ्यास कलम ६३ अन्वये किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यातील लाभासाठी कृत्य केलेले नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून याहून कमी शिक्षा देऊ शकते. दुसऱ्यांदा अपराध केल्यास किमान कारावास एक वर्षाचा व किमान दंड १ लाख रुपयांचा आहे. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल यांच्या प्रकरणात दिला. उपनिरीक्षक दर्जाचा किंवा त्यावरील पोलीस अधिकारी अधिपत्रावाचून बनावट प्रती जप्त करू शकतो.

चित्रपटगृहात बसून पडद्यावरील चित्रपट मुद्रित करणाऱ्यांसाठी सिनेमॅटोग्राफ अधिनियमात २०२३ साली स्वतंत्र तरतूद झाली. तीन महिने ते तीन वर्षे कारावास, आणि ३ लाख रुपयांपासून चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड, अशी ती शिक्षा आहे. महाराष्ट्राने तर १९८१ च्या धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात २००९ मध्ये दुरुस्ती करून बनावट चित्रफितींचा धंदा करणाऱ्यांना स्थानबद्ध करण्याची तरतूद केली.

एवढी कडक तरतूद कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट' या चित्रपटाचे उदाहरण पुरेसे आहे. चित्रपटगृहांत गर्दी होत असतानाच त्याच्या बनावट प्रती भ्रमणध्वनींवर फिरू लागल्या होत्या. तो चित्रपट तरीही तरला. पण ज्या लहान मराठी चित्रपटाला दोनच आठवडे चित्रपटगृह मिळते, त्याची बनावट प्रत पहिल्या आठवड्यात गावोगावच्या दुकानांतून भ्रमणध्वनींत भरून दिली गेली, तर निर्मात्याचे भांडवल बुडते आणि दिग्दर्शकाला दुसरा चित्रपट मिळत नाही. त्याची झळ पडद्यामागच्या वेशभूषाकाराला, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला आणि वादकालाही लागते.

शिक्षकांसाठी

शिक्षणाच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षक अथवा विद्यार्थी यांनी केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही. या तरतुदीचा अर्थ दिल्लीच्या एका गाजलेल्या खटल्यात स्पष्ट झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानात विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांचे संच करून दिले जात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. त्यानंतर ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने, शिक्षणाच्या प्रयोजनासाठी जेवढे आवश्यक तेवढे घेता येते, असे तत्त्व सांगून तथ्यांची तपासणी करण्यास्तव प्रकरण परत पाठविले. पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. याचा अर्थ संपूर्ण पुस्तके छापून विकण्यास मोकळीक मिळाली असा नव्हे. पाठाला लागते तेवढे, आणि पाठासाठीच, ही त्या सवलतीची सीमा होय.

शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी व शिक्षक यांनी नाटक किंवा गीत सादर करण्यास परवानगी लागत नाही. शाळेत चित्रपट दाखविण्यास अथवा ध्वनिमुद्रण ऐकविण्यासही मुभा आहे. अट एवढीच, की प्रेक्षक हे विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती असावेत. तिकीट लावून गावासाठी खेळ केला, तर ही सवलत उरत नाही. त्याचप्रमाणे संमेलनातील नृत्याचे चित्रण मूळ ध्वनिमुद्रित गीतासह महाजालावर टाकणे ही निराळी कृती आहे. शाळेच्या सभागृहात मिळालेली मोकळीक तेथे लागू पडत नाही.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रती संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्या विद्यार्थ्यांना अवश्य द्याव्यात. पण विनामूल्य मिळते म्हणजे मालकी संपली असे नाही. ती छापून विकण्याचा हक्क कोणा खाजगी प्रकाशकास त्यामुळे प्राप्त होत नाही.

ग्रंथालयांसाठी

भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी काढता येतात. संग्रहात असलेल्या छापील पुस्तकाचे जतन करण्यासाठी त्याची संगणकीय प्रत ठेवण्याचीही मुभा २०१२ पासून आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांकडे किंवा तालुक्याच्या जुन्या वाचनालयांकडे अशी कितीतरी पुस्तके आहेत, की ज्यांची पाने हात लावताच तुटतात. हक्काच्या भीतीने ती कपाटात कुजू देणे हा कायद्याचा आदर नव्हे. जतनासाठी प्रत जरूर करावी. मात्र हक्क चालू असलेले पुस्तक सर्वांसाठी महाजालावर ठेवू नये.

दिव्यांग वाचकांसाठीची तरतूद याहूनही उपयुक्त आहे. दृष्टिहीन अथवा अन्य दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणतीही कृती ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा अन्य सुलभ स्वरूपात आणण्यास २०१२ च्या दुरुस्तीने परवानगी दिली. लाभार्थी दिव्यांगच असावेत आणि संस्थांनी ते काम ना नफा तत्त्वावर करावे, एवढेच पथ्य आहे. लोअर परळच्या शेजारी वरळीला १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था बोलकी पुस्तके तयार करीत आली आहे. आपल्या शाळेतील एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने भ्रमणध्वनीवर पुस्तक वाचून मुद्रित केले, तर त्यास कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायत, उत्सव आणि विवाह

केंद्र व राज्य शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्या अधिकृत समारंभात, तसेच खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात साहित्य, नाट्य, संगीत अथवा ध्वनिमुद्रण सादर करणे हे उल्लंघन नाही. प्रजासत्ताकदिनी ग्रामपंचायतीने ध्वजवंदनाच्या समारंभात देशभक्तिपर गीते लावली, तर त्यासाठी परवाना लागत नाही. लक्षात ठेवावयाचे ते असे, की या तरतुदीत चित्रपटाचा उल्लेख नाही. त्याच रात्री चावडीपुढे पडदा लावून महाजालावरून उतरविलेला चित्रपट दाखवावयाचा असेल, तर स्वामित्वधारकाची परवानगी घेतली पाहिजे.

विवाहाची वरात आणि विवाहाशी निगडित सामाजिक समारंभ यांचाही धार्मिक विधीत समावेश कायद्यानेच केला आहे. पण या सवलतीची सीमा कोठवर जाते, यावर वाद होत आले आहेत. गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये एक परिपत्रक काढून, विवाह व धार्मिक उत्सवांतील संगीतासाठी हॉटेले वा हक्कधारक संस्था यांनी परवानगीचा आग्रह धरू नये, असे कळविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. या निर्णयात आपणा शासकीय सेवकांसाठी धडा आहे. संसदेने ठरविलेली सवलत परिपत्रकाने वाढविता येत नाही, आणि कमीही करता येत नाही. गणेशोत्सवातील आरतीला कोणाचा परवाना लागत नाही. पण त्याच मंडपात तिकीट लावून वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला, तर तो केवळ विधीचा भाग आहे असे म्हणणे अवघड जाईल.

कार्यालयातील सवयी

या बाबतीत शासकीय कार्यालये निर्दोष आहेत असे नाही. रोज सकाळी वृत्तपत्राचा संपूर्ण अंक भ्रमणध्वनीवरील गटांत पाठविण्याची प्रथा पडली आहे. बातमीतील घटना सर्वांची असली, तरी अंक प्रकाशकाचा असतो. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जागरण प्रकाशनाच्या दाव्यात टेलिग्रामवर असे अंक वाटणाऱ्या वाहिन्या बंद करण्याचा आणि त्या चालविणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला होता. आपल्या विषयाचे कात्रण वरिष्ठांपुढे ठेवणे वेगळे, आणि सगळा अंक शेकडो लोकांना पाठविणे वेगळे.

संगणकाच्या आज्ञावलींचेही असेच आहे. बनावट आज्ञावली जाणूनबुजून वापरणे हा स्वतंत्र अपराध आहे. त्यातील किमान कारावास सात दिवसांचा आहे, आणि धंद्यातील लाभाचा हेतू नसल्यास केवळ दंडही होऊ शकतो. मराठी टंकही याच कक्षेत येतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. वास्तविक 'मुक्ता' आणि 'बालू' यांसारखे सुंदर देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असताना बनावट टंक वापरण्याचे प्रयोजनच नाही.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या फलकासाठी जुन्या बारवेचे एक देखणे छायाचित्र महाजालावरून घेतले होते. काम तातडीचे होते, आणि 'शासकीय कामासाठी कोण हरकत घेणार' अशी समजूत होती. पंधरवड्याने पत्र आले. लिहिणारा तालुक्याच्या गावी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून उदरनिर्वाह करणारा तरुण होता. त्या बारवेत सकाळचा उजेड नेमका कधी उतरतो, हे पाहण्यासाठी तो तीन दिवस तेथे गेला होता. पत्रात पैशाची मागणी नव्हती. फलकावर आपले नाव का नाही, एवढाच प्रश्न होता. त्याचे मानधन रीतसर मंजूर करून घेतले, नावाची पट्टीही लावली. पण तोवर प्रदर्शनाचे दोनच दिवस उरले होते. कायद्याच्या कलम ५७ ने कृती माझी आहे असे म्हणण्याचा आणि तिची मोडतोड थांबविण्याचा खास हक्क कर्त्याला दिला आहे. हक्क विकला तरी हा अधिकार त्याच्याकडेच राहतो. ते कलम पाठ होते; त्याचा अर्थ त्या पत्राने कळला.

चार प्रश्न

प्रत काढण्यापूर्वी किंवा पुढे पाठविण्यापूर्वी मनाशी चार प्रश्न विचारावेत. पहिला, ही कृती कोणाची आहे, आणि तिच्यावरील हक्काची मुदत संपली आहे काय? दुसरा, कर्त्याने स्वतःच ती खुल्या परवान्याखाली दिली आहे काय? मराठी विकिपीडियावरील मजकूर, उदाहरणार्थ, श्रेय देऊन व त्याच अटींवर वापरता येतो. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर व न्यायालयांचे निर्णय यांच्या प्रती काढण्यासही कायद्याने सामान्यतः मुभा दिली आहे. तिसरा, माझा उपयोग अध्यापन, जतन, दिव्यांगांची सोय, अधिकृत समारंभ अशा एखाद्या सवलतीत बसतो काय? आणि चौथा, वरील तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर परवानगीचे एक पत्र लिहिण्यास अडचण कोणती? पुष्कळदा लेखक आनंदाने होकार देतात. विचारले जाणे हाच त्यांना सन्मान वाटतो.

आपली कृती कोणी बेकायदा महाजालावर ठेवली, तर कर्त्यानेही स्वस्थ बसू नये. ज्या सेवेवर ती ठेवली असेल, तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. अशी तक्रार आल्यावर काही प्रकारच्या सेवांना २१ दिवसांपर्यंत तो मजकूर रोखून धरावा लागतो. तेवढ्या अवधीत न्यायालयाचा आदेश मिळवावयाचा असतो. बनावट प्रतींचा धंदा चालत असेल, तर पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते.

गिरणगावाने महाराष्ट्राला कापडाइतकीच गाणी दिली. चाळींच्या चौकांत, कामगार मैदानांवर शाहिरांनी आणि भजनी मंडळांनी ती रचली व गाइली. गाणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. मोबदला मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्याच पदरी पडला. चित्रपटगीतांच्या बाबतीतही दीर्घकाळ असेच घडत होते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना, त्यांचे गीत चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास मिळणाऱ्या मानधनात समान वाटा दिला, आणि तो हक्क करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरविले. उशिरा का होईना, न्याय झाला. परंतु मानधन गोळाच झाले नाही, तर समान वाटा कशाचा मिळणार? प्रत्येक बनावट प्रतीबरोबर तो वाटा थोडा थोडा घटत जातो.

गिरणीच्या दरवाजावरची झडती आता इतिहासजमा झाली. विचारांच्या आणि स्वरांच्या मालासाठी तसा पहारा बसविणे कोणत्याही शासनास शक्य नाही, आणि ते इष्टही नाही. येथे झडती घ्यावयाची ती प्रत्येकाने स्वतःची. शिक्षकाने वर्गात, ग्रंथपालाने वाचनालयात आणि सरपंचाने चावडीवर या कायद्याच्या दोन्ही बाजू समजावून सांगितल्या, तर कर्त्याचा मोबदला सुरक्षित राहील आणि वाचकाला, विद्यार्थ्याला कायद्याने दिलेली दारेही खुली राहतील.